हवेचा ओचा

झाकण बसेना.

आईने ते उलटं करून पाहिलं, फिरवून पाहिलं, श्वास रोखून हलकेच दाबूनही पाहिलं. बसेना ते बसेनाच. घागर केवढी, तर तळहातावर मावेल एवढी. लाखेच्या लाल रंगाने झळझळणारी, कमरेला पिवळा पट्टा. काल सकाळी हेच झाकण याच घागरीवर बसताना 'टुप्' असं बोललं होतं. भातुकलीचं भांडं नीट जमलं की ते असं टुप् म्हणतं, मग आई मान हलवते आणि ते फळीवर ठेवते. आज झाकण घागरीच्या तोंडावर नुसतं डुगडुगत होतं, रुसून दारातच उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं.

आईने पिठाचा डबा घेतला. त्याचंही तेच. मग किटली, मग मिठाची बरणी. फळीवरचं एकेक भांडं खाली आलं आणि एकेक झाकण आडमुठ्यासारखं वर अडून राहिलं.

"अगं बाई, रात्रीत यांना झालं तरी काय?" आई म्हणाली. "कुणी हात लावला नाही. भांडी आकसली म्हणू, की झाकणं फुगली म्हणू?"

दारात दात घासत उभ्या असलेल्या शेवंतीचा ब्रश तोंडातल्या तोंडात थांबला.

सावंतवाडीत मोती तलावाच्या वरच्या अंगाला चढण लागते, त्या चढणीवर चितारींचं घर. पुढची पडवी काचेने बंद करून तिथे शेवंतीच्या आईने, सायलीने, लाकडी खेळण्यांचा कारखाना केला होता. कारखाना म्हणायचं एवढंच. एक चरक, म्हणजे लाकूड गरगर फिरवून त्याला गोल आकार देणारं यंत्र, लाखेच्या रंगीत कांड्या, त्या मऊ करायला एक लहान हीटर, आणि भिंतीभर फळ्या. चरकावर बसली की आई गुणगुणायची,

*पांगाऱ्याच्या लाकडा, बस रे चाकावरी,*
*लाखेचा लाल शेला घालते अंगावरी.*

ही भातुकली मात्र नेहमीची नव्हती. ती चंद्रावर जाणार होती.

चंद्रावर माणसांची वस्ती होऊन बरीच वर्षं झाली होती. तिथे आता मुलंही होती, आणि मुलं आली की खेळ आलाच. तिथल्या मुलांनी धातू पाहिला होता, काच पाहिली होती, पण झाडाचं लाकूड कधी हातात धरलं नव्हतं. म्हणून तिथल्या शाळेने आईकडे भातुकली मागितली. पेटी न्यायला गाडी उद्या दुपारी येणार होती. ती चुकली, तर पुढचं यान थेट पुढच्या पावसाळ्यात.

चंद्रावरच्या घरांतली हवा माणसांनीच बनवलेली. तिथे ना पावसाळा, ना उन्हाळा. बारा महिने एकच हवा, कोरडीशी. आणि सावंतवाडीत श्रावण म्हणजे भिंतीलाही घाम फुटतो, मीठ डब्यात पाणी होऊन बसतं. म्हणून आबांनी या पडवीत चंद्रावरच्यासारखी हवा आणून ठेवली होती. आबा म्हणजे शेवंतीचे आजोबा, डॉक्टर निनाद चितारी. त्यांचं सगळं आयुष्य अवकाशयानांच्या आतल्या हवेची निगा राखण्यात गेलं. ती किती गरम असावी, किती ओली असावी, हे ते पाहायचे. निवृत्त झाल्यावर सुनेच्या पडवीसाठी त्यांनी आपल्या हातांनी एक यंत्रमानव बांधला. दिसायला तो माणसासारखा अजिबात नव्हता. पाटाएवढं कासवच ते. ते पडवीभर संथ फिरायचं, हवा आत ओढायचं, हवेतली ओल पिऊन घ्यायचं आणि कोरडी हवा मागे सोडायचं. पोट भरलं की थांबून म्हणायचं, "माझं पोट भरलं आहे. कृपा करा." मग शेवंतीने त्याच्या पोटातला डबा काढून जास्वंदीला ओतायचा. हे काम तिचं.

"हावरट!" ती त्याच्या पाठीवर टपली मारून म्हणायची.

"मी हावरट नाही. हवा ओली आहे," कासव म्हणायचं.

पडवीचा नियम एकच होता, आणि तो शेवंतीनेच रंगीत खडूने दारावर लिहिला होता. ओलं काही आत आणायचं नाही. ओले केससुद्धा नाहीत.

"आबा, जरा येता का हो?" आईने हाक मारली.

आबा आले. झाकण त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, बोटाने त्याच्या ओठावरून चाचपलं. ओठ म्हणजे झाकणाची आत जाणारी कड. मग ते गुडघ्यावर हात ठेवत खाली बसले. कासव चरकाच्या पायाशी गप्प उभं होतं.

"माझं पोट भरलं आहे," कासव म्हणालं. "मी रात्रीपासून सांगत आहे. कृपा करा."

"भरलं?" आबांनी डबा ओढून पाहिला. तो काठोकाठ होता. "काल दुपारी शेवूने रिकामा केला होता ना? बंद खोलीत हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. एका रात्रीत कसा भरेल? कुठून आली रे एवढी ओल?"

"घरातून आली."

"घरात कुठून?"

"मला डोळे नाहीत. मला ओल कळते, ऊब कळते. काल दुपारी खूप ऊब आली आणि खूप ओल आली. संध्याकाळी ऊब गेली. ओल राहिली."

"काल दुपारी पडवी बंद होती. मी प्रशिक्षण केंद्रात शिकवायला गेले होते," आई म्हणाली.

"आणि मी झोपलो होतो. ऊब कुठली यायला?" आबांनी कासवाच्या पाठीवर हात ठेवला. "याचे संवेदक बिघडलेत. म्हणजे ऊब नि ओल ओळखणारे भाग, याच्या नाकासारखे. नसती ओल सांगतोय आणि असलेली सोडतोय. गेल्या महिन्यात मीच बसवले होते ते."

"असू दे, आबा. यंत्रच ते. चुकायचंच कधीतरी."

"यंत्र नाही चुकत गो. बांधणारा चुकतो." आबा हसले, पण ते हसू कुणासाठीच नव्हतं. "माणसं माझ्या भरवशावर अवकाशात श्वास घ्यायची. आणि आता एक पडवी सांभाळता येईना. म्हातारा झालो मी, सायली. यापुढे स्क्रूला हात नको लावू दे मला."

त्यांनी कासवाला उचलून मांडीवर उताणं घेतलं आणि पेचकसाने त्याचं कवच उघडायला लागले.

शेवंतीने घाईघाईने चूळ भरली आणि ती आत पळाली. तिच्या खाटेखाली एक पिशवी होती. पिशवीत अकरा जर्सी होत्या. निळ्या, कोरड्या, घडी घातलेल्या.

त्याचं असं झालं होतं. आज संध्याकाळी शाळेच्या मुलींचा कुडाळच्या शाळेशी फुटबॉलचा सामना होता. काल सकाळी भर पावसात सराव झाला आणि साऱ्या जर्सी चिखलाने माखल्या. नळाखाली धुऊन झाल्या खऱ्या, पण वाळवायच्या कुठे? श्रावणात कपडा वाळत घातला की तो चार दिवसांनी वास मारत उतरतो. सगळ्या मुली हवालदिल झाल्या. तेव्हा शेवंतीच फुशारकीने म्हणाली होती, "हात्तिच्या! आमच्या पडवीत एका दुपारात वाळतील. आमची हवा चंद्रावरची आहे." कप्तान झीनतने तिला उचलून गिरकी घातली होती. कधी नव्हे ते सगळ्यांचे डोळे तिच्याकडे, राखीव खेळाडूकडे, लागले होते.

मग दुपारी आई गेल्यावर, आबांची घोरण्याची लय लागल्यावर, तिने पडवीत तार बांधली. अकरा जर्सी ओळीने टांगल्या. लवकर वाळाव्यात म्हणून लाखेचा हीटर लावला. दिवेलागणीच्या आधी हीटर बंद केला, जर्सी काढल्या, तार सोडली. कासव फिरत राहिलं. त्याला डोळे नव्हतेच.

एवढंच तर केलं. जर्सी वाळल्या. पाणी गेलं. संपलं की!

संपलं का पण?

ती परत दारात येऊन उभी राहिली. आबांच्या मांडीवर कासवाचे चार पाय हवेत होते. तिला वाटलं, आत्ता सांगावं. शब्द ओठांपर्यंत आले आणि घागरीवरच्या झाकणासारखे तिथेच अडले. कानशिलं तापली. जमिनीवरच्या फरशा मोजाव्यात, नखं खावीत, कुठेतरी जाऊन लपावं, काहीही करावं, पण आबांकडे बघू नये.

आबांनीच तिच्याकडे पाहिलं.

"काय गो, रडवेली का? कासवासाठी? ये, बस इथे. आपण दोघं मिळून कोडं सोडवू. माझी चूक कुठे झाली ते तरी कळू दे." आणि आईला म्हणाले, "सायली, गार पाण्याचा पेला दे बघू एक."

आईने फ्रिजमधल्या पाण्याने स्टीलचा पेला भरून आणला. आबांनी तो कोरड्या फडक्याने पुसून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. थोड्या वेळात पेल्याचं अंग धुरकटलं, मग त्यावर बारीक थेंब उठले आणि एक थेंब घरंगळून खाली आला.

"पेला गळतोय का?"

"नाही," शेवंती पुटपुटली. "हवेतलं पाणी आहे ते."

"शाबास. पाणी हवेत असतं, पण दिसत नाही. त्याला बाष्प म्हणतात (म्हणजे पाण्याची न दिसणारी वाफ). आता सांग, गार पेल्यालाच ते का चिकटलं?"

शेवंतीने नकारार्थी मान हलवली.

"लहानपणी तू बकुळीची फुलं वेचायचीस ना? फ्रॉकचा ओचा करून?"

"हो."

"तर हवेलाही तसा ओचा असतो असं धर. बाष्प म्हणजे फुलं. हवा तापली की तिचा ओचा पसरतो, ती खूप फुलं घेऊ शकते. हवा गार झाली की ओचा आवळतो. फुलं तेवढीच, ओचा मात्र लहान. मग काय होईल?"

"सांडतील."

"सांडतील! पेल्याजवळची हवा गार झाली, ओचा आवळला, फुलं पेल्यावर सांडली. हवा गार होत होत ज्या तापमानाला बाष्प सांडायलाच लागतं, त्याला म्हणतात दवबिंदू (दव पडायला लागतं ते तापमान). आणि ओचा किती भरलाय, ते शंभरातल्या भागांनी सांगतात. ती झाली सापेक्ष आर्द्रता (हवेला जेवढं बाष्प पेलवतं त्याच्या किती भाग भरलंय ते). चंद्रावरच्या घरात हा ओचा निम्म्याहून थोडा कमी भरलेला असतो. आपल्या पडवीतही कासव तेवढाच राखतं. बाहेर आत्ता पावसात ओचा जवळजवळ काठोकाठ आहे."

आईही आता चरकाच्या कट्ट्यावर टेकली होती. "पण झाकणं का फुगली, आबा? थेंब तर कुठे दिसले नाहीत."

"लाकूड थेंबाची वाट बघत नाही. झाड तोडलं तरी लाकडाची पाणी प्यायची सवय सुटत नाही. हवा ओली झाली की ते पितं नि फुगतं. हवा कोरडी झाली की सोडतं नि आकसतं. म्हणून तर ज्या हवेत राहायचं, त्याच हवेत ते घडवायचं. भांड्याला बाहेरून लाखेचा थर आहे, तो त्याचा रेनकोट. पण झाकणाच्या ओठाला लाख लावलेली नाही, नाहीतर ते घट्ट बसायचं नाही. त्यामुळे ओठानेच सगळ्यांत जास्त पाणी प्यायलं. आणि गंमत बघ," त्यांनी झाकण शेवंतीच्या हातात दिलं, "नीट बघ, गोल आहे?"

शेवंतीने डोळे बारीक केले. झाकण गोल नव्हतं. किंचित लांबट झालं होतं, अंड्यासारखं.

"लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं फुगत नाही. एका दिशेला जास्त, एका दिशेला कमी. म्हणून काल गोल होतं ते आज लांबट झालं."

काल गोल होतं. शेवंतीच्या हातात ते झाकण एकदम जड झालं.

"आता माझं कोडं," आबा म्हणाले. त्यांचा आवाज उतरला. "या पडवीतल्या सगळ्या हवेचा ओचा भरायचा, तरी त्यात मावतात फार तर चार पेले पाणी. इतकंच. आपण ठेवतो त्यात दोनाहून कमी. आणि कासवाच्या पोटात निघाले सहा. वर लाकडाने प्यायले ते वेगळे. म्हणजे दुपारभरात दहा-अकरा पेले पाणी या खोलीत आलं म्हणायचं. खिडक्या बंद, छप्पर गळत नाही, भिंती मी तपासल्या. त्यात कासव म्हणतंय आधी ऊब आली. ऊब आली, हवेचा ओचा पसरला, तिने पाणी भराभर उचललं. ऊब गेली, ओचा आवळला, कासवाला न पेलवलेलं लाकडाने प्यायलं. बरोबर जुळतं सगळं. फक्त पाणी कुठलं? एवढं पाणी आणायचं तर कुणी इथे बसून पातेलंभर पाणी उकळायला हवं, नाहीतर... नाहीतर हे बिचारं खोटं बोलतंय, आणि मी ते बिघडवलंय. दुसरं काय?"

शेवंतीने हातातलं झाकण कट्ट्यावर ठेवलं.

"नाहीतर," शेवंती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "नाहीतर अकरा जर्सी वाळत घालायला हव्यात."

आईने वर पाहिलं.

"मीच घातल्या. काल. तार बांधून. लाखेचा हीटर लावला होता. मला वाटलं वाळल्या की पाणी गेलं. म्हणजे, नाहीसं झालं. मला माहीत नव्हतं ते इथेच..." पुढचं तिला बोलता येईना. मान इतकी खाली गेली की हनुवटी गळ्याला टेकली. "कासव खोटं नाही बोललं, आबा. तुम्ही पण काही बिघडवलं नाही."

आबांनी चष्मा काढला. काच पुसून तो पुन्हा नाकावर चढवला.

"पिळल्या होत्यास का गो नीट?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"जर्सी. नीट पिळून घातल्या होत्यास का?"

"हो... झीनतने नि मी दोन टोकं धरून."

"म्हणजे जर्सीमागे पेलाभर. अकरा पेले." आबांनी बोटांवर हिशेब केला. "सहा कासवाने प्यायले, दोनेक हवेत, उरलेले लाकडात नि भिंतीत. जुळलं! पेल्याला पेला जुळला!" आणि मग त्यांनी मांडीवरचं कासव सुलटं केलं. दोन्ही हातांनी. "माफ कर हां, बाबा. खरं बोलत होतास आणि मी तुझं नाक उघडायला निघालो."

"मी खरं बोललो होतो," कासव म्हणालं. "माझं पोट भरलं आहे. कृपा करा."

आबा हसले. शेवंतीला मात्र हसू आलं नाही. ती आईकडे चोरून बघत होती. आई रागावली असती, तर बरं झालं असतं. दोन धपाटे घातले असते, तर फार बरं झालं असतं. पण आई नुसती घागर फडक्याने पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती.

"जर्सी वाळत घातल्यास ते एक," आई हळूच म्हणाली. "ते न कळून झालं. पण मघापासून तू दारात उभी होतीस, शेवू. आबा म्हणाले, मला हात लावू देऊ नका. ते तू ऐकलंस. ऐकून उभी राहिलीस."

शेवंतीला वाटलं, हवेचा ओचा आवळावा तसं आपलं सगळं अंग आवळलं, आणि डोळ्यांतून सांडलं. आईने तिला जवळ घेतलं नाही. पण कमरेचा फडका काढून तिच्या हातात दिला.

"पूस. ओलं काही नको इथे."

डोळे पुसून झाल्यावर शेवंती एकदम उठली. "आई, हीटर लावू? आत्ता लावला तर झाकणं दुपारपर्यंत वाळतील!"

"थांब, थांब!" आबांनी तिचा हात धरला. "घाईने एकदा झालंय, पुन्हा नको. लाकूड एकदम तापवलं तर बाहेरचा थर आधी सुकून आकसेल, आतला अजून फुगलेलाच. दोघांची ओढाताण होईल आणि लाकूड तडकेल. जसं प्यायलं तसं हळूहळू सोडू दे त्याला."

"मग करायचं काय?"

"कासव करतं तेच. मोजायचं, पाहिजे त्या आकड्याशी ताडून बघायचं, फरक असेल तेवढंच करायचं, आणि परत मोजायचं. याला म्हणतात प्रतिभरण (केलेल्या कामाचा परिणाम बघून पुढचं काम ठरवणं). आंघोळीचं पाणी विसाणताना तू नाही का तसंच करत? गार घालतेस, बोट घालून बघतेस, आणखी थोडं घालतेस. एकदम बादली ओतत नाहीस."

मग तो रविवार तसाच गेला. झाकणं फळीवर एकमेकांपासून दूर, चारी बाजूंनी वारा लागेल अशी मांडली. आबांनी छोटा पंखा अगदी मंद लावला. शेवंती कासवाबरोबर बसली. कासव आकडा सांगे, ती तो मोठ्याने म्हणून दाखवी. सुरुवातीला आकडा हटेचना. डब्यात पाणी साठलं की ती पावसात जाऊन जास्वंदीला ओते, दारात पाय पुसे, केस पुसे, आणि मगच आत येई.

तिसऱ्या प्रहरी फाटकाशी सायकलची घंटा वाजली. झीनत होती.

"ओ परीटबाई! झाल्या का जर्सी? चल लवकर, सर थांबलेत."

शेवंतीने पिशवी आणून तिच्या हातात दिली. "मी नाही येत."

"म्हणजे? ताप आला?"

ताप आला म्हणणं किती सोपं होतं! शेवंतीने फाटकाची कडी धरली. "नाही. मी जर्सी पडवीत वाळवल्या ना, त्यामुळे आईची चंद्रावरची भातुकली फुगली. मी चोरून वाळवल्या होत्या. आता कासवाजवळ बसायचंय मला."

झीनतच्या तोंडाचा आ झाला. हातातल्या पिशवीकडे तिने असं बघितलं, जणू त्यात साप आहे. "म्हणजे आमच्या जर्सींमुळे? आम्ही तर सगळ्यांनी दिल्या की गं तुला."

"पण हो मी म्हटलं."

झीनत गेली. अंधारायच्या सुमाराला सगळा संघच फाटकाशी आला. नखशिखांत चिखल. बरोबरीत सुटला होता सामना. कुणीच आत पाऊल टाकलं नाही. झीनतने दारावरची खडूची ओळ मोठ्याने वाचली, "ओले केससुद्धा नाहीत!" आणि सगळ्या जणी अंगणातच छपरातून गळणाऱ्या पागोळ्यांखाली उभ्या राहून, जर्सी अंगावर असतानाच, एकमेकींच्या बाह्या पिळायला लागल्या. आई दारात आली. बघता बघता तिला हसू फुटलं, आणि तिने त्यांना पायरीवरच पेज दिली. शेवंती मात्र त्यांच्याशी नजर भिडवू शकली नाही. दिवसभर बोलून झालं होतं, रडून झालं होतं, तरी पोटात काहीतरी लांबट होऊन बसलं होतं ते अजून गोल होत नव्हतं.

सोमवारी सकाळी कासव म्हणालं, "आता ठीक आहे."

आईने पिठाचा डबा उचलला. झाकण ठेवलं.

टुप्.

किटली. टुप्. मिठाची बरणी. टुप्. शेवंती प्रत्येक आवाजाला डोळे मिटत होती. शेवटी राहिली घागर. सगळ्यांत धाकटी, पण तिच्या झाकणाचा ओठ सगळ्यांत जाड, म्हणून पाणी सोडायला सगळ्यांत सावकाश. ते ठेवलं, फिरवलं. डुगडुगलं, पण बसलं नाही.

शेवंतीचा चेहरा पडला. "आता?"

"घासून बसवते," आई कानस शोधू लागली. "क्षणाचं काम."

"नको!" शेवंती ओरडली. मग स्वतःच्याच आवाजाने दचकून हळू म्हणाली, "म्हणजे... आत्ता घासलंस तर आज बसेल. पण ते अजून पाणी सोडतंय ना? तिकडे गेल्यावर आणखी आकसेल. मग ते सैल होईल. निसटून पडेल."

आबांनी आईकडे पाहिलं. आई झाकणाकडे पाहत होती.

"मग काय करावं म्हणतेस?"

"असंच द्यावं. तिकडची हवा तशीच आहे ना कायम? तिथे ते हळूहळू आपलं आपण गोल होईल. होईल ना, आबा?"

"मला कशाला विचारतेस?" आबा म्हणाले. "हिशेब तुझा बरोबर आहे. पण भांडं तुझ्या आईचं आहे."

आईने आजवर न बसणारं झाकण कधी घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. तिने घागर हातात फिरवली. मग झाकण वेगळ्या कागदात गुंडाळून घागरीशेजारी ठेवलं.

"तिथल्या मुलांना कळवावं लागेल, की थोडे दिवस वाट बघा," ती म्हणाली. "आणि का बघा, तेही. ते तूच सांग."

आबांच्या फोनमध्ये शेवंतीने आपल्या आवाजात निरोप भरला. घागरीचं झाकण अजून बसत नाही, त्यात माझी चूक आहे, इथपासून सुरुवात केली. मग ओचा सांगितला, फुलं सांगितली, अकरा जर्सीही सांगितल्या. काहीच गाळलं नाही. सांगताना कानशिलं पुन्हा तापली, पण शब्द अडले नाहीत. गाडी आली, पेटी गेली. कासव रिकाम्या फळ्यांखालून संथ फिरत राहिलं.

पावसाळा सरला. भाताच्या लोंब्या पिवळ्या झाल्या, पहाटे गवतावर दव पडू लागलं. रात्रीच्या गारव्याने हवेचा ओचा आवळला आणि फुलं सांडली, हे शेवंतीला आता बघताक्षणी कळायचं. चरकाशी बसलेली आई नव्या ओवीचा एक चरण म्हणायची आणि दुसरा शेवंती जोडायची,

*हवेचा गं ओचा उन्हाने पसरला,*
*गारव्याने आवळला, मोती गवती सांडला.*

अशाच एका सकाळी चंद्रावरून निरोप आला. तेन्झिन नावाचा मुलगा होता, शेवंतीएवढाच. भाषा वेगळी, पण आबांच्या फोनने ती मराठीत उलगडून सांगितली.

"शेवंती, आम्ही तुझा निरोप वर्गात सगळ्यांनी ऐकला. आमच्याकडेही ओला टॉवेल खोलीत टांगायला बंदी आहे. एकदा मी टांगला होता आणि सगळ्या वस्तीच्या हवेचा आकडा चढला. आमच्या श्वासातलं, घामातलं, टॉवेलातलं सगळं पाणी यंत्र हवेतून गोळा करतं, गाळतं, आणि तेच आम्ही पुन्हा पितो. इथे पाणी कुठे जातच नाही. म्हणून तू काय केलंस, ते आम्हाला लगेच कळलं. बाई विचारताहेत, तुमच्या कासवासारखं कासव आमच्या वर्गात बांधायचं तर कसं? तुझे आबा शिकवतील का?"

आबा ताठ बसले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "पेचकस कुठाय माझा?" ते म्हणाले. "सायली, माझा पेचकस कुठे ठेवलास?"

"आणि हे ऐक," तेन्झिन म्हणाला. "आज सकाळी झालं. मी मुद्दाम फोनजवळ धरतो."

थोडी खरखर झाली. कुणीतरी दूरवर "शूऽऽ" केलं. पडवीत आईने चरक थांबवला. कासवही उभं राहिलं.

टुप्.